जुन्या गाडीची निगा (भाग ६) : पॅकिंग ओलं, दोष आत

गेल्या आठवड्यात प्रीमियर पद्मिनीचा सोलेक्स कार्बोरेटर उघडून धुतला, नवं किट टाकलं आणि परत जागेवर बसवला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगही झकास लागतं. आणि मग बॉनेटखालून पेट्रोलचा वास येऊ लागतो. वरच्या झाकणाचं पॅकिंग ओलं दिसतं. अशा वेळी हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो, पण तो आवरा. झाकण जस्ताच्या मऊ मिश्रधातूचं असतं. स्क्रू जास्त आवळले की ते कानाशी वाकतं आणि नसलेली गळती खरोखर सुरू होते.

आधी इंजिन बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अग्निशामक नळकांडं हाताशी ठेवा. बऱ्याच जुन्या इंजिनांत कार्बोरेटरजवळच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेला असतो, म्हणून तो पूर्ण निवेपर्यंत थांबा. मग कार्बोरेटर कापडाने खडखडीत कोरडा करा आणि ओल कुठे उमटते ते पाहा. पेट्रोल वरून खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा महत्त्वाची. पेट्रोलची नळी जिथे झाकणाला जोडली आहे तिथेच ओल असेल, तर दोन्ही बाजूंचे वायसर बदला, काम संपलं. ॲक्सिलरेटर पंपाच्या बाजूला ओल असेल, तर डायफ्राम फाटलाय किंवा दुमडून बसलाय.

झाकणाचा सांधा ओला असेल, तर मात्र मी आधी पॅकिंगवर संशय घेत नाही. बोलमधली पेट्रोलची पातळी या सांध्याच्या खालीच राहायला हवी. पेट्रोल तिथवर चढतंय, म्हणजे त्याला अडवणारं आत कुणीतरी काम करत नाही. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक अडकला की पाणी वाहत राहतं, तसंच हे. झाकण काढायच्या आधीच पातळी चढल्याची खूण मिळते : एअर फिल्टर काढून घशात डोकावलं, तर इंजिन बंद असूनही मुख्य नळीच्या तोंडातून थेंब टपकताना दिसतो.

आता झाकण उघडा. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्ह झाकणात आटे देऊन बसवलेला असतो आणि त्याच्याखाली एक वायसर असतो. हा वायसर दुहेरी काम करतो. एकतर तो आट्यांतून पेट्रोल झिरपू देत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्या जाडीवर पातळी ठरते. जाड वायसर टाकला की व्हॉल्व्ह खाली उतरतो, फ्लोट त्याला लवकर मिटवतो, पातळी कमी राहते. पातळ टाकला की पातळी चढते. किटमधला वायसर मूळ वायसरइतकाच जाड आहे असं गृहीत धरू नका. जुना फेकला नसेल तर दोन्ही कॅलिपरने मोजा. बहुतेक वेळा घोळ इथेच सापडतो.

नीडल नवी असली म्हणून ती बसतेच असं नाही. सुई बोटाने हलकेच वर दाबून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ रबरी नळी लावा आणि फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. जात असेल तर सीटवर कचरा असेल किंवा सुईच खराब असेल. टाकीतला गंज नळीतून इथवर पोचतो, म्हणून पंपाच्या पुढे फिल्टर हवाच.

मग फ्लोट. पितळी फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. शंका वाटली तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील. डाग लावण्यापेक्षा बदललेलाच बरा : डागाने वजन वाढतं आणि पातळी पुन्हा चढते. शिवाय आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला आच लावणं जिवावर बेतू शकतं.

पॅकिंगवर सीलंट फासण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये अडकतात. झाकण सपाट काचेवर ठेवून वाकलंय का ते तपासा आणि कोरडं नवं पॅकिंग टाका.

एवढं करूनही पातळी चढत असेल, तर पंपाचा दाब जास्त असू शकतो. त्याची तपासणी पुढच्या भागात. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका, आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आजच बदलून टाका. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील अशाच नळ्या घ्या.