हात, मूळ आणि अधिकार : ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकला व रहस्यकथा

रहस्यकथेचा सारा डोलारा एका प्रश्नावर उभा असतो : हे कोणाच्या हातून घडले? ऑस्ट्रेलियातील आदिवासी चित्रकलेविषयी गेल्या काही दशकांत जे वाद झाले त्यांतही वरकरणी हाच प्रश्न विचारला गेला : हे चित्र कोणाच्या हातचे? बनावट चित्र, खोटी सही, लबाड विक्रेता आणि धूर्त शोधक ही सामग्री रहस्यकथाकारास आयतीच मिळावी असे हे साम्य आहे. परंतु ते काही अंशी फसवे आहे. ते कोठवर खरे आणि कोठून पुढे फसवे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. इंग्रजीतील 'ऑथेंटिक' हा शब्द ग्रीक 'औथेन्तेस' या शब्दाशी निगडित आहे. औथेन्तेस म्हणजे स्वतःच्या हाताने कृत्य करणारा. आणि प्राचीन ग्रीक वाङ्मयात हा शब्द 'खुनी' या अर्थीही आढळतो. कलापारखी आणि गुन्हेशोधक हे दोघे एकाच औथेन्तेसाच्या मागावर असतात, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या 'अस्सल' शब्दाची दृष्टी निराळी आहे. तो अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ, मुळी यावरून आला. 'नक्कल' हाही अरबीच, व त्याच्या मुळाशी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हा अर्थ आहे. 'प्रामाण्य' हा संस्कृत शब्द तर ज्ञान कोणत्या साधनाने सिद्ध होते, ते विचारतो. म्हणजे प्रश्न एक नसून तीन आहेत : हात कोणाचा, मूळ कोणते आणि अधिकार कशाने सिद्ध होतो?

ऑस्ट्रेलियन रहस्यकथेत आदिवासी नायक प्रथम लोकप्रिय केला तो आर्थर अपफील्ड याने. त्याचा नेपोलियन बोनापार्ट ऊर्फ 'बोनी' हा आदिवासी माता व श्वेतवर्णीय पिता यांचा पुत्र. 1929 साली अवतरलेला हा शोधक अपफील्डच्या मृत्यूनंतर, 1966 पर्यंत, कादंबऱ्यांतून वावरत राहिला. जमिनीवरील पाऊलखुणा वाचण्याची विद्या त्यास मातृकुलाकडून लाभली आणि तर्कबुद्धी पितृकुलाकडून, ही त्यामागची कल्पना. आणि ती कल्पना मुळात बाहेरून आलेल्या एका इंग्रजाची. पुढे 1972 साली ही पात्ररचना दूरदर्शन-मालिकेत आली तेव्हा बोनीची भूमिका न्यूझीलंडच्या एका श्वेतवर्णीय नटास देण्यात आली. ज्या नायकाचे काम खऱ्याखोट्याचा निवाडा करणे, त्याचे स्वतःचे मूळच असे उसने होते.

आता चित्रकलेकडे वळू. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे 240 किलोमीटरवर पापुन्या ही वसाहत आहे. तेथे 1971 साली जेफ्री बार्डन नावाच्या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने प्रौढ आदिवासी पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या कथेचे चित्र काढले. वाळूवर, शरीरावर व विधींत काढावयाच्या आकृती मग फळ्यांवर आणि कापडावर उतरू लागल्या, आणि 1972 साली 'पापुन्या टूला आर्टिस्ट्स' ही कलावंतांच्या मालकीची संस्था स्थापन झाली. या व्यवहारात चित्राखालील नाव हाच खरेदीदारास अस्सलपणाचा पुरावा वाटू लागला. परंतु येथे एक भाषिक बाब ध्यानात घेतली पाहिजे. क्लिफर्ड पॉसम त्जापाल्त्जारी या नावातील अखेरचा शब्द आडनाव नव्हे. तो आप्तसंबंधांच्या आठ उपवर्गांपैकी एकाचा वाचक आहे. प्रत्येक उपवर्गाला पुरुषवाचक व स्त्रीवाचक असे दोन शब्द असून त्जापाल्त्जारीची बहीण नापाल्त्जारी असते. म्हणजे जेथे खरेदीदार व्यक्ती शोधतो तेथे भाषा नाते सांगते.

हे नाते नुसते नामापुरते नाही. वार्लपिरी समाजात एखाद्या पुराणकथेवर, तिच्या भूमीवर व चिन्हांवर पितृपरंपरेने ज्यांचा हक्क पोहोचतो त्यांना 'किर्दा' म्हणतात. मातेच्या बाजूने ज्यांचे नाते असते ते 'कुर्दुंगुर्लू'. विधी वा आकृती यथायोग्य झाली की नाही हे पाहण्याचे कर्तव्य या दुसऱ्यांचे. अशा व्यवस्थेत अनेक हातांनी काढलेले चित्र पूर्णपणे अस्सल असू शकते. क्लिफर्ड पॉसमचे 1976 सालचे 'वार्लुगुलोंग' हे विशाल चित्र काढताना त्याचा बंधू टिम ल्यूरा याचे साहाय्य होते, आणि त्यामुळे चित्राच्या योग्यतेस बाध आला नाही. उलट एकाच माणसाने स्वहस्ते काढलेले चित्रही अधिकाराच्या दृष्टीने सदोष ठरू शकते. पापुन्याच्या आरंभीच्या काही चित्रांत गुप्त विधींतील चिन्हे उघड झाल्याबद्दल वाळवंटातील इतर गटांनी आक्षेप घेतले होते. त्या चित्रांचा हात निःसंशय खरा होता; वाद होता तो दाखविण्याच्या अधिकाराचा.

याचा अर्थ हाताचा प्रश्न गौण आहे असा मात्र नव्हे. सिडनीत स्वतःच्या नावे विकली जाणारी अनेक चित्रे आपली नाहीत, असे क्लिफर्ड पॉसमने 1999 साली सांगितले, व 2001 साली एका विक्रेत्यास दोषी ठरविण्यात आले. ही शुद्ध रहस्यकथेची घटना होय. परंतु 1996 चा राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळविणाऱ्या कॅथलीन पेत्यारे हिचे प्रकरण तसे नव्हते. तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने 1997 साली त्या चित्रातील मोठा भाग आपण रंगविल्याचे सांगितले. चौकशी झाली आणि पुरस्कार तिच्याकडेच राहिला. ठिपके कोणी दिले, एवढ्यावर चित्राचे कर्तृत्व ठरत नाही. कथा कोणाची, आकृती कोणाच्या हक्काची, हेही पाहावे लागते.

न्यायालयांनाही हा भेद हळूहळू उमगला. 1994 साली आदिवासी चित्रांच्या नकला विणलेले व्हिएतनाममध्ये तयार झालेले गालिचे आयात केल्याबद्दल कलावंतांना नुकसानभरपाई मिळाली. 1998 साली जॉनी बुलुन बुलुन याच्या चित्राच्या खटल्यात न्यायमूर्ती फॉन डूसा यांनी सामूहिक मालकी मान्य केली नाही. तथापि चित्रकारावर आपल्या गानालबिंगू समाजाप्रत विश्वस्तासारखे कर्तव्य आहे, हे मान्य केले. बाजारात मात्र हातचलाखी थांबली नाही. इंडोनेशियात बनविलेल्या 18,000 हून अधिक वस्तू आदिवासींच्या हातच्या असल्याचा आभास निर्माण करून विकल्याबद्दल एका कंपनीला 2019 साली 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

वाङ्मयातही हीच कसोटी लागली. 1994 साली वांडा कूलमाट्री या आदिवासी स्त्रीचे म्हणून प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र एका श्वेतवर्णीय पुरुषाने लिहिल्याचे 1997 साली उघड झाले. त्याच वर्षी एडी बरप नामक आदिवासी चित्रकार म्हणजे वस्तुतः एलिझाबेथ ड्युरॅक ही ज्येष्ठ श्वेतवर्णीय चित्रकर्त्री असल्याचे कळले. या दोन्ही ठिकाणी कलाकृतीस हात होता. नव्हते ते मूळ. यांच्या तुलनेत फिलिप मॅक्लारेन या आदिवासी लेखकाची 1995 सालची 'स्क्रीम ब्लॅक मर्डर' ही कादंबरी लक्षणीय ठरते. तीत शोधकही आदिवासी आणि शोधकाचा निर्माताही. ॲड्रियन हायलंडच्या 2006 सालच्या 'डायमंड डव्ह'मध्ये श्वेतवर्णीय लेखक आदिवासी स्त्रीच्या मुखाने बोलतो. परंतु मुखपृष्ठावर तो स्वतःच्याच नावाने उभा आहे. कल्पित पात्राच्या तोंडी बोलणे व कल्पित व्यक्तीच्या नावे पुस्तक विकणे, यांतील अंतर येथे स्पष्ट होते. पहिल्यात वाचकाशी करार असतो, दुसऱ्यात तो मोडलेला असतो.

रहस्यकथा व ही चित्रकला यांच्यातील खरा विरोध यापुढे आहे. रहस्यकथेचा धर्म असा की अखेरच्या प्रकरणात काहीही झाकलेले राहता कामा नये. वाळवंटातील चित्राचा धर्म याच्या उलट आहे : अर्थाचे काही थर अधिकाऱ्यासच कळावेत, इतरांनी बाह्य कथेवर संतुष्ट राहावे, अशीच त्याची योजना असते. तेव्हा या कलेवर लिहिणाऱ्या रहस्यकथाकारापुढे एक पेच उभा राहतो. गुन्हेगाराचे नाव त्याने सांगितलेच पाहिजे. चित्राचे गुपित सांगण्याचा हक्क मात्र त्यास नाही. जो लेखक या दोन रहस्यांत फरक करील तोच दोहोंना न्याय देईल. जो चित्राचा गुप्तार्थ हाच उलगड्याचा दुवा करील तो, त्याचे कथानक कितीही निर्दोष असले तरी, ज्याची चौकशी चालली आहे तोच अपराध पुन्हा करील.

हीच गोष्ट अभ्यासकालाही लागू पडते. परक्या समाजाच्या कलाकृतीपुढे उभे राहिल्यावर 'हे कोणी केले?' हा प्रश्न आपल्या मनात प्रथम येतो. त्याबरोबरच 'हे करण्याचा व सांगण्याचा अधिकार कोणाचा?' हे विचारण्याची सवय लागली, तर अस्सल आणि प्रमाण हे दोन शब्द आपण समानार्थी म्हणून वापरणार नाही.