कठीण बूड, मऊ मान : पितळी काडतुसाचे अनुशीतन

आधुनिक रायफलचे काडतूस चार घटकांचे बनलेले असते. पुढच्या टोकाला गोळी, तिच्यामागे बंदुकीची दारू, बुडाच्या मध्यभागी आघाताने पेट घेणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र जवळजवळ धड अवस्थेत हाती उरते, आणि चारही घटकांत सामान्यतः तीच महाग असल्यामुळे अमेरिकेसारख्या देशात, जिथे कायदा तशी मुभा देतो, हजारो नेमबाज आणि शिकारी तीच पुंगळी घरच्या घरी पुन्हा भरून वापरतात. या पुनर्भरणात पुंगळीच्या मानेला, म्हणजे पुढच्या अरुंद भागाला, बेताची उष्णता देऊन ती मऊ करण्याची एक पायरी असते. तापवून धातू मऊ करण्याच्या या क्रियेला धातुशास्त्रात अनुशीतन म्हणतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या क्रियेत पितळेचा सगळा स्वभाव उघड होतो, आणि तो स्वभाव जगाला नीट उमगला त्यात हिंदुस्थानातील पावसाळ्याचा मोठा वाटा होता.

पुंगळीचे पितळ साधारणपणे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. धातू अखंड दिसला तरी तो सूक्ष्म स्फटिककणांचा समूह असतो आणि प्रत्येक कणात अणू ठरावीक जाळीत रचलेले असतात. या जाळीत जागोजागी रेषेसारखे दोष असतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. धातूवर जोर पडला की हे दोष जाळीतून सरकतात आणि त्यांच्या सरकण्यामुळेच धातू न तुटता वाकतो, ताणला जातो, हा विचार १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडला. थंड धातू ठोकला, ओढला किंवा दाबला की नवे स्थानभ्रंश तयार होतात, त्यांची गर्दी होते, ते एकमेकांची वाट अडवतात आणि धातू कठीण पण ठिसूळ होत जातो. तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती आधी ताठ होते आणि मग तुटते, हा अनुभव घरोघरचा आहे. त्याचे कारण हेच.

उष्णता दिली की हा क्रम उलटतो, पण एकदम नाही. आधी, साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, धातूत कोंडलेले अंतर्गत ताण सैल होतात, मात्र त्याची कठिनता फारशी उतरत नाही. त्याहून अधिक तापमानाला जुन्या, विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, जवळजवळ निर्दोष स्फटिककण जन्म घेतात. या पुनःस्फटिकीभवनानंतर पितळ खऱ्या अर्थाने मऊ होते. तरीही उष्णता चालूच राहिली तर नवे कण एकमेकांना गिळत मोठे होतात, धातू गरजेपेक्षा दुबळा होतो आणि पुढे ओढताना त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हंडे-घागरी घडवणारे कारागीर हातोडीखाली ताठरलेला पत्रा भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात, ते याच नियमाच्या आधारे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी हा नियम पुस्तकांच्या कितीतरी आधी आत्मसात केला होता, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

तांबटाला मात्र सगळे भांडे मऊ करून चालते. पुंगळीचे तसे नाही. कारखान्यात पितळेच्या चकतीपासून आधी एक वाटी दाबून काढतात, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात आणि दर दोन ओढींच्या मध्ये अनुशीतन करून, आम्लात धुऊन, पितळ पुढच्या ओढीसाठी तयार करतात. यानंतर बूड थंड अवस्थेतच जबर दाबाने घडवतात आणि त्यातून आलेला कठीणपणा मुद्दाम तसाच राखतात, कारण बार होताना पुंगळीत निर्माण होणारा दाब आजच्या रायफलमध्ये वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट असू शकतो. भिंतींना चेंबरचा, म्हणजे काडतूस बसते त्या पोलादी पोकळीचा, आधार असतो. बुडाचा काही भाग मात्र त्या आधाराबाहेर असतो. ते मऊ असेल तर फुगेल, फाटेल आणि तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने मागे फुटेल. मानेचे काम याच्या नेमके उलट आहे. तिने गोळी पकडायची असते, बार होताच क्षणात फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बिलगायचे असते म्हणजे वायू मागे गळत नाहीत, आणि लगेच किंचित आक्रसून मोकळे व्हायचे असते. म्हणून पुंगळी तयार झाल्यावर शेवटी फक्त मान आणि तिच्या खालचा उतरता भाग म्हणजे खांदा तापवतात. अमेरिकी लष्करी पुंगळ्यांच्या खांद्याखाली दिसणारी निळसर-जांभळी कड ही त्या तापवण्याचीच खूण. व्यापारी उत्पादक ती घासून चकचकीत करतात, लष्करी पुंगळीवर ती तशीच राहू देतात.

हे शहाणपण सैन्यांना सहजासहजी मिळालेले नाही. १८६६ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्नायडर रायफलसाठी स्वीकारलेले बॉक्सरचे काडतूस पितळेच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळीचे होते. तशाच गुंडाळीची मार्टिनी-हेन्री रायफलची काडतुसे सुदानच्या मोहिमेत, १८८५ च्या सुमारास, चेंबरमध्ये अडकून बसल्याच्या तक्रारी गाजल्या आणि अखंड ओढलेल्या पितळी पुंगळीचा पुरस्कार होऊ लागला. अखंड पुंगळी मजबूत होती, पण ती ओढण्या-दाबण्यातून घडत असल्यामुळे तिच्यात ताण कोंडलेले राहत. हिंदुस्थानात साठवलेल्या पुंगळ्यांना याची किंमत मोजावी लागली. पावसाळ्यात काडतुसांच्या माना, विशेषतः गोळीला आवळून धरणारा भाग, कोणताही बार न होता, नुसत्या पेटीत पडल्या-पडल्या उभ्या चिरू लागल्या. हे चिरणे घोडदळाच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या साठ्यात ठळकपणे दिसे.

याचा समाधानकारक उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेतील ओलाव्यात मिसळून पितळेवर बसे, कणांच्या सीमारेषांवर तांब्याशी त्याची रासायनिक क्रिया होई, आणि आत कोंडलेला ताण त्या पोखरलेल्या सीमारेषा उकलत नेई. ताण नसेल तर अमोनिया पितळेला फार तर डागाळतो. अमोनिया नसेल तर ताण निपचित पडून राहतो. दोन्ही एकत्र आले की अमोनियाचा अंशही पुरतो. ज्या पितळेत जस्त १५ टक्क्यांहून कमी असते त्याला हा धोका बराच कमी असतो, परंतु पुंगळीला लागणारी ताकद आणि ओढले जाण्याची क्षमता यांचा मेळ ३० टक्के जस्ताच्या पितळेतच उत्तम बसतो. त्यामुळे मिश्रधातू न बदलता ताण काढून टाकणे हा उपाय ठरला, आणि तो साधतो बेताच्या अनुशीतनाने. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातून पुढे .३०३ काडतुसे बाहेर पडली. बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे असलेल्या त्या पुंगळ्या आजही संग्राहकांकडे आढळतात. मानेचा मऊपणा हा तिथल्या हवामानात सोयीपेक्षा गरजेचा भाग होता.

पुनर्भरण करणाऱ्यापुढचा प्रश्न याच साखळीतला आहे. दर बाराला मान फुगते आणि पुन्हा भरण्यापूर्वी ती पोलादी साच्यातून दाबून मूळ मापावर आणावी लागते. फुगणे आणि दाबणे ही दोन्ही थंड अवस्थेतील कामे असल्यामुळे प्रत्येक फेरीगणिक मान अधिक ताठ होते. ताठ मान साच्यातून निघाल्यावर थोडी उसळून मागे येते, गोळीवरची तिची पकड पुंगळीगणिक बदलते, गोळ्यांचा वेग कमीजास्त होतो आणि लांब अंतरावर नेम पसरतो. शेवटी मानेवर केसाएवढी उभी चीर दिसते आणि पुंगळी बाद होते. वेळोवेळी मान मऊ केली तर हे टळते. जुन्या पद्धतीत टोपी काढलेल्या रिकाम्या पुंगळ्या पसरट ताटलीत, बुडे पाण्यात बुडतील अशा उभ्या करून, गॅसच्या बारीक ज्योतीने त्यांच्या माना तापवतात आणि लगेच पाण्यात आडव्या करतात. अलीकडे पुंगळी ज्योतीपुढे फिरवत ठेवणारी यंत्रे आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने तापवणारी वेटोळी वापरात आली आहेत. त्यांचा खरा लाभ वेग हा नसून प्रत्येक पुंगळीला सारखीच उष्णता मिळणे हा आहे.

नवशिक्याचा गोंधळ बहुधा दोन ठिकाणी होतो. लोखंडाच्या कामाची माहिती असलेल्यांना वाटते की तापलेली पुंगळी पाण्यात टाकली तर ती कठीण होईल. पोलादाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण त्याची अंतर्गत रचना जलद थंड होताना बदलते. या पितळेत तसा बदल होत नाही, पाण्याने फक्त उष्णता बुडाकडे वाहणे थांबते. दुसरा गोंधळ रंगाचा. पुनःस्फटिकीभवन तापमान आणि काळ या दोघांवर अवलंबून असते; भट्टीत तासाभरात जे साधते ते ज्योतीसमोर काही सेकंदांत साधायचे तर तापमान बरेच चढवावे लागते. पूर्ण काळोखात तापलेली वस्तू जेमतेम लालसर दिसू लागते ती मर्यादा सुमारे ५२५ अंशांची आहे. म्हणून जाणकार अंधाऱ्या खोलीत काम करतात आणि मानेवर पुसट लाली येताच ज्योत हटवतात. उजेडात ठळक लाल दिसणारी मान केव्हाच गरजेपेक्षा मऊ झालेली असते, आणि त्याहून तापवल्यास पितळेतील जस्ताची आरोग्याला घातक वाफ निघू लागते. खांद्याखाली किती उष्णता पोचली हे तपासण्यासाठी ठरावीक तापमानाला वितळणारा रंगद्रव लावतात. बूड एकदा मऊ झाले की ते पूर्ववत कठीण करण्याचा घरगुती उपाय नाही. अशी पुंगळी चेपून भंगारात टाकणे एवढाच मार्ग उरतो. पुंगळ्या साफ करताना अमोनियायुक्त पॉलिश वापरणेही टाळायला हवे. त्याचे कारण तबेल्यांच्या इतिहासातच आहे.

सगळ्याच पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील छोट्या काडतुसांत स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि बाराच्या वेळी ती कड चेपली जाते, त्यामुळे ती एकदाच वापरता येतात. भारतात तर हा विषय मुख्यतः जाणून घेण्यापुरताच आहे, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. जुन्या वाड्यात, शेतात किंवा भंगारात न उडालेले काडतूस सापडले तर ते तापवू नये, ठोकू नये, उघडण्याचा प्रयत्न करू नये. शक्यतो हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.