टीडीएस मीटरला जे दिसलं नाही: शेगावच्या केसगळतीत संशयाची सुई गव्हावर कशी आली?

डिसेंबर 2024 संपत आला होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोकं खाजायचं, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत नुसता हात फिरवला तरी केसांचे पुंजके हातात यायचे. बघता बघता 18 गावांत 279 जणांची नोंद झाली. त्यात शाळकरी मुलं होती, कॉलेजच्या मुली होत्या. लोकांनी घराबाहेर पडणं बंद केलं, ठरलेली लग्नं मोडल्याच्याही बातम्या आल्या. सोशल मीडियाने तर याला 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं.

व्हायरस काही सापडला नाही. मग शाम्पू झाला, बुरशी झाली आणि शेवटी सगळ्यांचं बोट पाण्याकडे गेलं.

पाण्यावर संशय येणं साहजिकच होतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. शेगावपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या जळगाव जामोद आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात तर खारं पाणी आणि किडनीचे आजार हा वर्षानुवर्षांचा विषय आहे. वाण धरणातून पाणी आणणारी 140 गावांची योजना त्यासाठीच झाली. या भागात पाण्याबद्दल बोलायचं म्हटलं की टीडीएसचा आकडा कुणालाही तोंडपाठ असतो. आरओवाला पेनासारखं मीटर ग्लासात बुडवतो, आकडा येतो, बघणारा हळहळतो.

पण ते मीटर नेमकं करतं काय? पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून किती क्षार विरघळले असावेत याचा अंदाज देतं. क्षार कोणते, ते सांगत नाही. मीठ असो की नायट्रेट, त्याच्यासाठी सगळे सारखेच. एखाद्या विषारी मूलद्रव्याचे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम पाण्यात असतील तर आकडा जागचा हलतही नाही. आणि गव्हाच्या पोत्यात तर हे मीटर खुपसताच येत नाही.

शेगावच्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, पण ते या पट्ट्यात आधीपासूनच होते. मग केस आत्ताच का गळले? आयसीएमआर आणि एम्सची पथकं गावात आली. दुसरीकडे, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही गावांत जाऊन रेशनच्या गव्हाचे नमुने घेतले आणि ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासून घेतले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आकडे जाहीर केले. एका किलो गव्हात 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम. गव्हात एरवी जास्तीत जास्त 1.9 मिलिग्रॅमपर्यंत असतं, असं त्यांचं म्हणणं. गहू धुऊन तपासला तरी आकडा 13.61 आला, म्हणजे सेलेनियम वरच्या धुळीत नव्हतं, दाण्याच्या आत होतं. रुग्णांच्या रक्तात ते 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढल्याचं त्यांनी सांगितलं. हा गहू पंजाबकडून आलेला, असंही ते म्हणाले. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवाशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांना काही दशकांपासून माहीत आहे.

14.52 मिलिग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणून बघा. किलोभर गव्हात साधारण 25 हजार दाणे असतात. त्यातल्या एकाच दाण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा घ्यायचा, त्याची पूड करायची आणि ती 25 हजार दाण्यांत सारखी वाटायची. इतकं कमी. पण शरीराला सेलेनियम लागतंच मुळी दिवसाला 40 ते 55 मायक्रोग्रॅम, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा 400 मायक्रोग्रॅम आहे. असा गहू दिवसाला 300 ग्रॅम पोटात गेला तर हिशेब 4,300 मायक्रोग्रॅमच्या पुढे जातो. मर्यादेच्या दहापट, तेही नुसत्या पोळ्यांतून.

मग 25 हजार दाण्यांत वाटली गेलेली ही चिमूट शोधायची कशी?

इथे मास स्पेक्ट्रोमेट्री येते. नाव अवघड आहे, पण कल्पना खळ्यावरची. वाऱ्याला उभं राहून धान्य उफणताना जड दाणा पायाशी पडतो आणि हलका भुसा लांब उडतो. वारा दोघांना सारखाच लागतो, वजन वेगळं म्हणून वाट वेगळी. अणूंना मात्र वारा पुरत नाही. आधी त्यांच्यावर विजेचा भार चढवावा लागतो, मग विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवू शकतं. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टनने 1919 मध्ये याच तत्त्वावर यंत्र बांधलं, एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू वेगळे करून दाखवले आणि 1922 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

धान्यातल्या धातूंसाठी प्रयोगशाळा आज ज्या प्रकारावर सर्वात जास्त भरवसा ठेवतात त्याला आयसीपी-एमएस म्हणतात. गहू दळायचा, त्यातलं अर्धा ग्रॅमच्या आसपास पीठ नायट्रिक आम्लासोबत बंद भांड्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं. पिठाचं स्वच्छ पाणी होतं. ते पातळ करून त्याचा बारीक फवारा आरगॉन वायूच्या ज्वाळेत सोडायचा. ज्वाळा म्हणजे गॅसच्या शेगडीसारखी नव्हे, हा 6,000 अंशांच्याही वर तापलेला प्लाझ्मा. तिथे प्रथिनं, स्टार्च काहीही टिकत नाही, सगळ्याचे सुटे अणू होतात आणि त्यांच्यावर भार चढतो. पुढे निर्वात पोकळीत चार समांतर दांड्या असतात. त्यांच्यावरचा विद्युतदाब असा बदलत राहतो की एका वेळी ठरावीक वजनाचे अणूच मधून पार होतात, बाकीचे बाहेर फेकले जातात. शेवटी एक मोजणारा बसलेला असतो. तो एकेक अणू मोजतो, अक्षरशः.

सेलेनियमच्या बाबतीत मात्र एक गोची आहे. निसर्गातलं जवळपास निम्मं सेलेनियम 80 वजनाचं असतं आणि ज्वाळेतल्या आरगॉनचं वजन 40. आरगॉनचे दोन अणू एकमेकांना चिकटले की 80! म्हणजे नमुन्यात सेलेनियमचा कणही नसला तरी यंत्र 80 च्या खान्यात भरभरून मोजत सुटणार. यावर उपाय म्हणून वाटेत एक छोटी कोठडी ठेवून तिच्यात हेलियम किंवा हायड्रोजन सोडतात. हेलियमशी टकरा खाऊन आरगॉनची जाडजूड जोडी दमते आणि मागे पडते, हायड्रोजन ती जोडी मोडूनच काढतो. शिवाय 80 चा नाद सोडून बहुतेक ठिकाणी 78 वजनाचं सेलेनियम मोजतात. म्हणून 'मशीनने सांगितलं' एवढ्यावर कुणी भुलू नये. कोणतं वजन मोजलं, आधीच माहीत असलेल्या प्रमाणित नमुन्यावर यंत्र बरोबर उत्तर देत होतं का, हे चांगला रसायनतज्ज्ञ आधी विचारतो.

आणखी एक गोष्ट आयसीपी-एमएसला एकट्याने जमत नाही. सगळं जाळून सुटे अणू केल्यावर सेलेनियम किती ते कळतं, पण ते गव्हात कोणत्या रूपात होतं ते कळत नाही. त्यासाठी आधी क्रोमॅटोग्राफी करावी लागते.

ही तर घरीही करता येते. शाळेतला खडू घ्या, खालच्या टोकाच्या जरा वर काळ्या स्केचपेनने ठिपका द्या आणि ठिपका बुडणार नाही इतक्या पाण्यात खडू उभा करा. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग सुटे होतात. आठवडी बाजारातून जाणाऱ्या माणसांसारखंच आहे हे: कुणी प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतो, कुणी सरळ बाहेर पडतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी 1903 मध्ये पानातली रंगद्रव्यं चक्क खडूच्या पुडीतूनच वेगळी केली होती. आजच्या यंत्रात खडूऐवजी बारीक कणांनी ठासून भरलेली स्टीलची नळी असते. नळीतून एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो.

अशा जोडयंत्राने कळतं की गव्हातलं बहुतेक सेलेनियम सेलेनोमेथिओनीन या रूपात असतं. मेथिओनीन हा प्रथिनांचा एक घटक, त्यात गंधक असतं. इथे गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेलं. शरीराला दोघांतला फरक ओळखता येत नाही, ते हे सेलेनियम सरळ प्रथिनांत गुंफतं. केस आणि नखं ज्या केराटिनची बनतात त्याची मजबुती गंधकाच्या बंधांवर उभी असते. तिथे सेलेनियम घुसलं की बंध कच्चे पडतात, असं सेलेनियमच्या विषबाधेचं स्पष्टीकरण दिलं जातं.

एवढी यंत्रं असताना सुरुवातीचे दिवस शाम्पू आणि बुरशीत का गेले? कारण यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. 2010 मध्ये आपल्या द्राक्षांचं हेच झालं. युरोपात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. इकडे निर्यातीआधी द्राक्षं तपासली जात होती, पण तपासायच्या यादीत क्लोरमेक्वाटच नव्हतं. त्यात हा पदार्थ नेहमीच्या नळीत थांबत नाही, पाण्याबरोबर सर्रकन निघून जातो, म्हणून त्याची तपासणी वेगळीच करावी लागते. शेगावातही पाण्याच्या कितीही बाटल्या तपासल्या असत्या तरी गव्हातलं सेलेनियम दिसलं नसतं.

एप्रिल 2025 मध्ये याच गावांतून नखं गळत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि हाताचं नख तीनेक मिलिमीटर, त्यामुळे नखाची पाळी उशिरा येणं हिशेबाला धरूनच आहे. याच वेगाचा तपासणीत उपयोगही होतो. लांब केसाचे मुळापासून टोकापर्यंत तुकडे करून प्रत्येकातलं सेलेनियम वेगळं मोजलं, तर ते अंगात कोणत्या महिन्यात चढू लागलं आणि कोणत्या महिन्यात उतरलं, हे सांगता येतं.