चर्चच्या दारात पोकेमॉन

जुलै 2016 मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा फिरत फिरत पोकेमॉन पकडायचा मोबाइल खेळ आला आणि कितीतरी चर्च न विचारताच खेळाडूंचे थांबे बनले. चर्च ऑफ इंग्लंडने मात्र आपल्या पॅरिशना, म्हणजे स्थानिक चर्चना, सांगितलं: स्वागत करा, खायला-प्यायला द्या, फोन चार्ज करू द्या. शहाणपणाचंच!

रशियात उलटं घडलं. शेवटच्या झारची हत्या झाली त्या जागी येकातेरिनबुर्गमध्ये चर्च उभं आहे. तिथे खेळून व्हिडिओ टाकणाऱ्या रुस्लान सोकोलोव्स्कीला 2017 मध्ये कोर्टाने साडेतीन वर्षांची स्थगित शिक्षा सुनावली. अर्थात धर्माची टिंगलही त्याला भोवली.

2018 मध्ये कॅथलिकांनी स्वतःचाच खेळ काढला, ‘फॉलो जेसी गो’ (जेसी म्हणजे जीझस क्राइस्ट). यात पोकेमॉनऐवजी शोधायचे ते संत आणि बायबलमधली माणसं. प्रश्नांची उत्तरं दिली की ती आपल्या चमूत येतात. वाटेत रुग्णालय लागलं, तर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची.