अठराव्या वर्षानंतरचा पत्ता

बालगृहात वाढलेले मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते 'बालक' राहत नाही आणि ज्या छपराखाली त्याचे बालपण गेले, तेथील त्याचा मुक्कामही संपतो. घरात वाढणाऱ्या मुलाला मात्र याच वयात शिक्षणाचा खर्च, आजारपणातील शुश्रूषा आणि चुकल्यास परतण्याची जागा घरच पुरवत असते. ही उणीव भरून काढण्यासाठी आखलेल्या व्यवस्थेला महाराष्ट्रात 'अनुरक्षण' म्हणतात, म्हणजेच संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाची तो स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत घेतली जाणारी काळजी.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अशा तरुणांना अर्थसाहाय्य देण्याची तरतूद असून, २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हा आधार २१ व्या वर्षापर्यंत, तर अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे देता येतो. सहा ते आठ जणांनी एकत्र राहावे असे तात्पुरते गटनिवास, प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन, समुपदेशन आणि नोकरी मिळवून देण्याची खटपट ही त्याची प्रमुख अंगे होत. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले आहेत.

मावळात हा प्रश्न दूरचा नाही. मळवली स्थानकाजवळ, लोहगड आणि विसापूर यांच्या पायथ्याशी असलेल्या भाजे गावात 'संपर्क' ही संस्था १९९० पासून निराधार मुलांचे संगोपन करत आली असून, निवासाला शिक्षणाची आणि व्यवसाय-प्रशिक्षणाची जोड देण्यावर तिचा भर राहिला आहे. या परिसरातील तरुणाला लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत किंवा तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत काम मिळू शकते. परंतु हॉटेलची नोकरी मालकाने दिलेल्या खोलीसह येते, तेव्हा ती सुटताच छप्परही जाते. स्वतंत्र खोली घ्यायची तर अनामत रक्कम, भाडेकरार आणि ओळख देणारा माणूस लागतो, आणि अर्जातील 'कायमचा पत्ता' या रकान्यात काय लिहावे, येथेच लेखणी अडते.

राज्य सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण, म्हणजे सामाजिक प्रवर्गांना छेद देऊन लागू होणारे आरक्षण, आणले, ही मोलाची सुधारणा होय. तथापि त्याची किल्ली अनाथ प्रमाणपत्रात आहे, त्यामुळे आई किंवा वडील हयात असूनही संस्थेतच वाढलेले मूल त्याच्या कक्षेबाहेर राहते. नातेवाइकांकडे किंवा अन्य कुटुंबात वाढणाऱ्या मुलांना बालसंगोपन योजनेतून मिळणारे अनुदानही अठराव्या वर्षी थांबते.

म्हणूनच अनुरक्षणाची सुरुवात निरोपाच्या दिवशी न होता सोळाव्या वर्षीच व्हायला हवी: आधार आणि जन्माचा दाखला हाती असणे, बँकेचे खाते स्वतः चालवता येणे, पगारातून भाडे आणि किराणा भागवण्याचा हिशेब जमणे, दवाखान्यात एकट्याने जाता येणे, हे सारे संस्थेत असतानाच अंगवळणी पडले पाहिजे. त्याचबरोबर संस्थेने बाहेर पडलेल्या प्रत्येकासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, जिला रात्री-अपरात्री फोन करता येईल आणि दिवाळीला जिच्याकडे हक्काने जाता येईल. दरमहाच्या अनुदानाने पोट भरते. कायमच्या पत्त्याचा रकाना भरण्यासाठी मात्र असे माणूस लागते.