आधी मूठ, मग भात

"देवाला आपण काय देणार? सगळं त्याचंच तर आहे!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेलं असेल. गंमत म्हणजे ख्रिस्ती धर्मातली दानाची सगळी कल्पना याच वाक्यावर उभी आहे. फरक इतकाच, की आपण हे वाक्य म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. तिथे मात्र या वाक्यापासून एक हिशोब सुरू होतो. या लेखात मी तो हिशोब मांडायचा प्रयत्न करणार आहे.

आधीच सांगून टाकते, मी ख्रिश्चन नाही. घरी दीड दिवसाचा गणपती, आणि शाळा मात्र केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटची. त्यामुळे हॉस्टेलवर आल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "चर्चमध्ये पगाराचा दहावा भाग द्यावाच लागतो का गं?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "ही सगळी सेवा शेवटी धर्म वाढवायलाच ना?" दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण मेसच्या रांगेत उभं राहून त्यांची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच!

मालक कोण?

बायबलचा जुना करार हा शेती करणाऱ्या, मेंढ्या राखणाऱ्या लोकांमध्ये घडलेला ग्रंथ. त्यामुळे त्यातले दानाचे नियमही शेतातलेच आहेत. पीक आलं की पहिला वाटा टोपलीत घालून देवापुढे न्यायचा. उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशांश, वेगळा काढायचा. आणि तिसरा नियम मला सगळ्यात आवडतो : कापणी करताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि खाली पडलेली कणसं परत वेचायची नाहीत. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायची. रूथ नावाच्या विधवा सुनेची जी गोष्ट बायबलमध्ये आहे, ती अशाच सोडलेल्या कणसांवर घडते. ती परमुलखातली बाई, पण दुसऱ्याच्या शेतात कणसं वेचणं हा तिचा हक्कच होता. त्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

या तिन्ही नियमांमागे एकच विचार आहे. जमीन देवाची, पाऊस देवाचा, आपण फक्त कारभारी. आपण लॅबमधून मल्टिमीटर इश्यू करून घेतो ना, तसंच. तो वापरायचा, नीट सांभाळायचा, पण 'माझा' म्हणून बॅगेत घालून घरी न्यायचा नाही. मग जे मुळात आपलं नाही, त्यातलं काही आपण दिलं तर ते दान कसलं? ती तर परतफेड! म्हणूनच ख्रिस्ती लोक 'देवाला देणं' म्हणण्यापेक्षा 'देवाला परत देणं' म्हणतात. शब्द छोटा आहे, पण त्यामुळे देणाऱ्याची कॉलर ताठ होत नाही.

येशूने हाच विचार एका गोष्टीत सांगितला. एक धनी परगावी जाताना तीन नोकरांकडे पैसे सोपवून जातो. दोघे ते कामाला लावून वाढवतात. तिसरा घाबरून जमिनीत पुरून ठेवतो, आणि शेवटी बोलणी खातो. गोष्टीतल्या या पैशाचं माप होतं 'टॅलेंट'. मुळात ते वजनाचं आणि पैशाचं माप. इंग्रजीत अंगच्या गुणाला 'टॅलेंट' म्हणतात तो शब्द या गोष्टीवरूनच आला! म्हणजे परत करायची गोष्ट फक्त पैसा नाही. डोकं, हात, वेळ, आवाज, जे काही हाताशी आहे ते पुरून ठेवायचं नाही.

मग दहा टक्क्यांचं काय? तर, दशांश हा जुन्या कराराचा नियम. नव्या करारात संत पौलाने टक्का सांगितलेला नाही. प्रत्येकाने मनात ठरवून, कुरकुर न करता द्यावं, एवढंच त्याचं सांगणं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या आजही दशांशाचा आग्रह धरतात. कॅथलिक चर्च दहाचा आकडा लावत नाही, ऐपतीप्रमाणे द्या म्हणतं. आमच्या शाळेत ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात वर्गात एक पुठ्ठ्याचा डबा असायचा. कॅन्टीनचा वडापाव सोडला तर त्याचे पैसे त्या डब्यात. घरून मागून आणलेली नोट चालायची नाही. स्वतःचं काहीतरी सोडलं असेल तरच टाका, असा सिस्टरांचा दंडक होता. दहा वर्षांच्या पोराला परतफेड समजावून सांगायची याहून सोपी रीत मला तरी माहीत नाही.

दोन नाणी आणि अठ्ठावीस पौंड

आता थोडं गणित. (आपण इंजिनिअर ना!)

जेरुसलेमच्या मंदिरात लोक दानपेटीत पैसे टाकत होते. श्रीमंतांनी भरपूर टाकले. एका गरीब विधवेने सगळ्यात छोटी अशी दोन नाणी टाकली. येशू शिष्यांना म्हणाला की सगळ्यात जास्त हिनेच टाकलं. बेरजेत हे बसत नाही, पण गुणोत्तरात बरोबर बसतं. बाकीच्यांनी जास्तीचं दिलं होतं, हिने होतं नव्हतं ते सगळं दिलं. म्हणजे इथे किती दिलं याचं माप नाही, दिल्यावर मागे किती उरलं याचं माप आहे.

इथे कुणी म्हणेल, गरीब बाईचे शेवटचे दोन पैसे घेणारं मंदिर काय कामाचं? हा आक्षेप खरा आहे, आणि तो बायबलमध्येच आहे. या प्रसंगाच्या अगदी आधीच्या ओळींत येशू धर्मपंडितांवर तुटून पडतो, की हे लोक लांबलचक प्रार्थनांचं सोंग करतात आणि विधवांची घरं गिळतात. दुसऱ्या एका ठिकाणी तो पुदिन्या-शेपूचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्यांना झापतो, कारण न्याय आणि दया ते विसरलेले असतात. थोडक्यात काय, तर देणाऱ्याचं मन मोठं असलं म्हणून घेणाऱ्याला सूट मिळत नाही. हे वाक्य कुठल्याही धर्माच्या दानपेटीवर चिकटवायला हरकत नाही.

दुसरं गणित इंग्लंडचं. अठराव्या शतकात जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले, मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची गोष्ट ते सांगत, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असं मानतात. पहिल्या वर्षी कमाई ३० पौंड. २८ पौंडांत भागलं, २ दिले. दुसऱ्या वर्षी कमाई ६०. खर्च तेवढाच २८, दिले ३२. तिसऱ्या वर्षी ९०, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, दिले ९२. खर्च कॉन्स्टंट! आपलं काय होतं? पॅकेज वाढलं की राहणीमान त्याच्या आधीच वाढलेलं असतं. त्यामुळे "थोडं सेटल झालो की देऊ" यातला 'सेटल' हा बिंदू ग्राफवर कधी येतच नाही. तो आपल्याबरोबर पुढे पुढे सरकत राहतो.

मिझोरमची मूठ

पण ज्याच्याकडे पौंड नाहीत, रुपये नाहीत, त्याने काय परत द्यायचं? याचं उत्तर मिझोरमच्या बायकांनी दिलं.

मिझोरम म्हणजे आसामच्या दक्षिणेचा डोंगराळ भाग. १८९४ साली लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी तिथे पोचले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. त्यांच्यामागून वेल्समधून प्रेस्बिटेरियन मिशनरी आले. पुढे सगळं राज्यच बदललं. २०११ च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या सुमारे ११ लाख, आणि त्यातले साधारण ८७ टक्के ख्रिस्ती.

शंभर वर्षांपूर्वी तिथल्या घरांत रोख पैसा जवळपास नव्हताच. होता तो तांदूळ. १९१० साली तिथे 'बुहफाई थाम' सुरू झालं. अर्थ सरळ आहे, 'मूठभर तांदूळ'. रीतही तितकीच सरळ. घरची बाई प्रत्येक जेवणासाठी तांदूळ मोजून घेते. शिजवायच्या आधी त्यातली एक मूठ काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. मंडळीच्या बायका ठरलेल्या दिवशी घरोघर जाऊन हे तांदूळ गोळा करतात. मग ते विकले जातात आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. बस्स, एवढंच!

सुरू होऊन वर्षभर झालं नाही तोच १९११-१२ चा 'माउताम' आला. मिझोरमच्या डोंगरात साधारण ४८ वर्षांनी बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग उभी पिकं फस्त करतात. त्या काळात घरात मूठभर तांदळाची किंमत काय असेल, विचार करा. तरी प्रथा टिकली. नंतर १९५८-५९ चा माउताम झाला, २००७ च्या सुमाराचा झाला. मूठ चालूच आहे. आज त्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात.

मला यातली खरी मेख 'शिजवायच्या आधी' या शब्दांत दिसते. मूठ उरलेल्या भातातून निघत नाही. पोट भरल्यावर काय उरलं ते बघू, असा व्यवहार नाही. आधी मूठ, मग भात. शेताच्या पहिल्या वाट्याचा तो जुना नियम या बायकांनी थेट चुलीपर्यंत आणला. आणि यात श्रीमंत-गरीब हा भेद राहत नाही. ज्याच्या घरी आज चूल पेटते, त्याच्याकडे द्यायला एक मूठ असतेच.

सेवेचं अंगही तिथे तितकंच मुरलेलं आहे. स्वतः झीज सोसून दुसऱ्यासाठी धावून जाणं, याला मिझो भाषेत स्वतंत्र शब्द आहे, 'त्लॉमङाइना'. हे मूल्य ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासूनचं. १९३५ साली सुरू झालेली यंग मिझो असोसिएशन ही तरुणांची संघटना ते आजही पाळते. गावात मयत झालं की कबर खणायला तरुण पोरं आपणहून जातात, आणि रात्री त्या घरात सोबतीला बसतात.

आपल्याकडेही एक मूठ होती बरं का! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातीधर्माची गरीब मुलं तिथे एका पंगतीत जेवत. त्या मुलांसाठी 'मुष्टीफंड' होता, घरोघरच्या बायकांनी बाजूला काढलेलं मूठ मूठ धान्य. कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आज आपण हॉस्टेलच्या मेसमध्ये भात पातळ झाला म्हणून भांडतो. पण महाराष्ट्रात गरिबाच्या पोरासाठी वसतिगृह ही गोष्ट उभी राहिली त्यात अशा मुठीही आहेत, हे लक्षात असलेलं बरं.

सेवा की प्रचार?

आता तो दुसरा, खालच्या आवाजातला प्रश्न. बुहफाई थामचे पैसे धर्मप्रसारालाही जातात का? जातात. ते लोक ते लपवत नाहीत. प्रश्न असा आहे, की सेवेला अट जोडलेली असावी का?

हा वाद महाराष्ट्राला जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' काढलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ साली ते बाहेर पडले, अनेकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या, आणि दौंडजवळच्या केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. तिथे बायका शेती, विणकाम, छपाई शिकल्या. टीकाकारांची शंका अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुलीला उचलायला किती जण गेले, हेही विचारायला हवं.

मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर येशूच्याच गोष्टीत सापडतं. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला माणूस. एक पुरोहित आणि एक लेवी, म्हणजे मंदिराचाच सेवक, बाजूने निघून जातात. त्याला उचलतो तो शोमरोनी, ज्यांच्याशी यहुद्यांचं हाडवैर. तो जखमा बांधतो, खाणावळीत नेतो, पुढच्या खर्चाची सोय करतो आणि आपल्या वाटेने जातो. धर्म विचारत नाही, उपदेश करत नाही, नावसुद्धा सांगत नाही. माझ्या मते सेवेची कसोटी हीच : समोरचा आपला झाला नाही, तरी आपण थांबणार का? जी सेवा ही कसोटी पार करते, ती कुणाच्याही देवाची असो, मला मान्य आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपली मूठ तांदळाची असण्याचं कारण नाही. मेसमधल्या काकांच्या मुलीला दहावीचं बीजगणित अडतंय, आठवड्याचा एक तास तिला. जुन्या ड्रॉइंग बोर्डाची सीनिअरने ज्युनिअरकडून अर्धी किंमत घ्यायची रीत आहे, एखादा तसाच देऊन टाका. रक्तदान शिबिरात बिस्किटाच्या पुड्याआधी सुई आठवू द्या. फक्त एक पथ्य : सबमिशन, सेमिनार, सिनेमा सगळं झाल्यावर उरलेला तास नको. आठवड्याचं टाइमटेबल लिहायला बसाल तेव्हा तो तास आधी लिहा, बाकीचं त्याच्याभोवती बसवा. बसतं. मिझोरमच्या बायकांचं एकशे दहाहून अधिक वर्षं बसतंय.