ॲस्पिरिन : नावाचे धनी आणि श्रेयाचे वाटेकरी

हृदयविकाराच्या रुग्णाला ७५ मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी लिहून देताना जे नाव आपण सहजपणे उच्चारतो, ते नाव मुळात एका कारखान्याची खासगी मालमत्ता होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जर्मनीत आणि कॅनडात ते आजही नोंदलेले व्यापारचिन्ह आहे. भारतात, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मात्र ते औषधाचेच नाव झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत पाहावे, तर तेथे ‘ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड’ असा लांबलचक उल्लेख आढळतो. ब्रँडचे नाव लिहावे की मूळ औषधाचे, यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे नियम निघाले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही झाले. त्या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र एकाच वेळी ब्रँड आणि जेनेरिक अशी दोन्ही रूपे धारण करणाऱ्या या औषधाची कुळकथा जाणून घेण्यासारखी आहे.

बायर ही कंपनी १८६३ मध्ये जर्मनीतील बार्मेन या गावी निघाली ती औषधांसाठी नव्हे, कापड रंगविण्याचे कृत्रिम रंग बनविण्यासाठी. रंगांच्या रसायनशास्त्रातूनच ती पुढे औषधांकडे वळली. तिच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन हा २९ वर्षांचा रसायनतज्ज्ञ काम करीत असे. १० ऑगस्ट १८९७ रोजी त्याने शुद्ध व टिकाऊ स्वरूपातील ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड तयार केल्याची नोंद आपल्या वहीत केली. हे रसायन अगदीच नवे नव्हते. शार्ल गेरहार्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच ते अशुद्ध रूपात बनविले होते. खरे नवल पुढेच आहे. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्याच हॉफमनने ॲसिटिलीकरणाची तीच क्रिया मॉर्फीनवर केली आणि डायॲसिटिलमॉर्फीन सिद्ध केले. तेही आधी लंडनमध्ये १८७४ साली ॲल्डर राइट यांनी बनवून पाहिलेले होते. या दुसऱ्या अपत्याचे बायरने ठेवलेले नाव म्हणजे ‘हेरॉइन’!

कंपनीचा औषधपरीक्षक हाइनरिख ड्रेझर याचा कौल यांपैकी कोणाच्या बाजूने पडला असेल? हेरॉइनच्या! सॅलिसिलिक वर्गातील औषधे हृदयाला दुर्बल करतात, अशी त्याची समजूत होती. म्हणून आज ज्या गोळीला आपण हृदयाची रक्षक म्हणतो, ती काही काळ फडताळातच पडून राहिली. आणि हेरॉइन १८९८ पासून खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आले. मॉर्फीनप्रमाणे त्याची सवय लागत नाही, असा विश्वास त्या वेळी देण्यात येई. आज आपल्याला हसू येईल. पण क्षय आणि न्यूमोनिया यांवर कोणताही खात्रीचा इलाज नव्हता, अशा त्या काळी रात्रभर खोकणाऱ्या रुग्णाला झोप मिळवून देणारे औषध डॉक्टरांना केवढे मोलाचे वाटले असेल, हेही ध्यानी घ्यावयास हवे. व्यसनाधीनतेच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९१३ मध्ये बायरने त्याचे उत्पादन थांबविले. १९२४ मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली.

इकडे धाकट्या ठरविलेल्या त्या थोरल्या भावंडाचे बारसे १८९९ मध्ये झाले. ॲसिटिलमधला ‘ॲ’, सॅलिसिलिक ॲसिड जिच्यापासून मिळत असे त्या स्पायरिया वनस्पतीतील ‘स्पिर’ आणि औषधांच्या नावांना तेव्हा रूढ असलेला ‘इन’ हा प्रत्यय. ६ मार्च १८९९ रोजी नाव नोंदले गेले. जर्मनीत पेटंट मिळाले नाही. अमेरिकेत मात्र १९०० मध्ये मिळाले.

मग पहिले महायुद्ध आले. अमेरिकेने शत्रुराष्ट्राची मालमत्ता म्हणून बायरची तेथील शाखा जप्त केली आणि डिसेंबर १९१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रेन्सलेअर येथील कारखान्याचा जाहीर लिलाव पुकारला. सुमारे ५३ लाख डॉलरची बोली लावून तो घेतला स्टर्लिंग प्रॉडक्ट्स या तयार घरगुती औषधे विकणाऱ्या कंपनीने. यंत्रे गेली, इमारती गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेपुरते ‘बायर’ हे नावही गेले. पुढे १९२१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी एक मार्मिक निवाडा दिला. डॉक्टर व औषधविक्रेते यांच्या दृष्टीने ॲस्पिरिन हे अजूनही एका कंपनीचे चिन्ह आहे; पण सामान्य ग्राहकाला दुसरे नावच ठाऊक नाही, म्हणून त्याच्यापुरते ते औषधाचेच नाव होय, असा त्याचा आशय. ज्याची जाहिरात अतोनात यशस्वी होते, त्याचे नाव त्याच्या हातून निसटते, हा व्यापारातला एक विचित्र न्यायच म्हणावयाचा.

अमेरिकेतील ‘बायर’ नावाचा प्रवास येथे संपत नाही. १९८८ मध्ये स्टर्लिंग कंपनी विकत घेतली, ती छायाचित्रणासाठी प्रसिद्ध असलेल्या ईस्टमन कोडॅकने! म्हणजे सहा वर्षे अमेरिकेतील बायर ॲस्पिरिनची मालकी कॅमेऱ्याच्या फिल्म बनविणाऱ्यांकडे होती. अखेर १९९४ मध्ये जर्मन बायरने सुमारे १०० कोटी डॉलर मोजून हा व्यवसाय घेतला आणि अमेरिकेतील स्वतःचे नाव पाऊण शतकानंतर परत मिळविले.

याच युद्धाने आणखी एक घराणे जन्माला घातले, आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. जर्मन माल बंद झाल्याने ऑस्ट्रेलियात ॲस्पिरिनचा तुटवडा झाला. मेलबर्नचा औषधविक्रेता जॉर्ज निकोलस याने दुकानामागील जागेत स्वयंपाकाची भांडी आणि रॉकेलचे डबे वापरून ॲस्पिरिन बनविण्याचा खटाटोप आरंभिला. १९१५ मध्ये त्याला सरकारी परवाना मिळाला. १९१७ पासून हे उत्पादन ‘ॲस्प्रो’ या नावाने विकले जाऊ लागले. निकोलसची शेवटची दोन अक्षरे आणि ‘प्रॉडक्ट’ची पहिली तीन जुळवून हे नाव साधले, असे सांगतात. ॲस्प्रो भारतातही घरोघरी पोहोचली. त्या निकोलसची भारतीय शाखा १९८८ मध्ये पिरामल उद्योगसमूहाने घेतली आणि ‘निकोलस पिरामल’ हे आपणा सर्वांच्या परिचयाचे नाव रूढ झाले. २००८ मध्ये त्यातून ‘निकोलस’ गळाले. वैद्यकीय प्रतिनिधींच्या पिशव्यांवर ते नाव वर्षानुवर्षे वाचूनही आपल्यापैकी किती जणांना मेलबर्नमधले ते रॉकेलचे डबे ठाऊक असतील?

हृदयाच्या बाबतीत ॲस्पिरिनवरील आळ दूर व्हायला मात्र अर्धे शतक लागले, आणि त्याची सुरुवात केली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन या साध्या जनरल प्रॅक्टिशनरने. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर ॲस्पिरिनयुक्त च्युइंग गम चघळणाऱ्या रुग्णांत रक्तस्राव अधिक होतो, एवढ्या निरीक्षणावरून त्याने हृदयविकार टाळण्यासाठी ॲस्पिरिन देण्यास आरंभ केला आणि १९५० च्या सुमारास आपले अनुभव प्रसिद्धही केले. मोठ्या नियतकालिकांनी त्याची दखल घेतली नाही. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञांत ते होते.

राहिला प्रश्न श्रेयाचा. संधिवाताने पीडित वडिलांना सोडियम सॅलिसिलेट सोसेना, म्हणून पुत्र हॉफमनने नवे औषध शोधले, ही हृद्य कथा आपण पाठ्यपुस्तकांतून वाचलेली असते. ती छापील रूपात आली १९३४ मध्ये, म्हणजे नाझी राजवट आल्यानंतर. त्याच प्रयोगशाळेत आर्थर आइखेनग्र्यून नावाचा ज्येष्ठ रसायनतज्ज्ञ होता. परम्यावर पूर्वी वापरले जाणारे प्रोटार्गोल हे त्याचेच. तो ज्यू होता. १९४४ मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याला थेरेसिएनस्टाट येथील छळछावणीत डांबण्यात आले. तेथून तो जिवंत बाहेर आला, आणि १९४९ मध्ये एका औषधशास्त्रीय नियतकालिकात त्याने लिहिले, की हॉफमनने ते काम आपल्या सूचनेवरून केले. ड्रेझरने नकार दिल्यावर आपणच ते औषध स्वतःवर आणि नंतर काही डॉक्टरांकरवी रुग्णांवर गुपचूप आजमावून पाहिले. म्युनिकच्या संग्रहालयात १९४१ मध्ये ॲस्पिरिनचे स्फटिक मांडलेले होते, त्याखाली ड्रेझर आणि हॉफमन यांची नावे होती, आणि ज्यूंना आत येण्यास बंदी असल्याची पाटी दारावर होती, असेही त्याने त्यात नमूद केले आहे. लेख प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात तो निवर्तला.

पन्नास वर्षे त्या लेखाकडे कोणी फारसे पाहिले नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील वॉल्टर स्नीडर यांनी प्रयोगशाळेच्या नोंदी तपासून आइखेनग्र्यूनचे म्हणणे विश्वसनीय असल्याचा निष्कर्ष काढला आणि डिसेंबर २००० मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. बायरने तो मान्य केला नाही.